अर्धवेळ बाईची थंडी

गिरजाबाई, काल तुझी तेरवी झाली आणि मी तुझ्या दिराच्या अंगणातून न जेवता उठून आले. लोकांना वाटलं, दुःखानं उठली. दुःख तर होतंच, पण उठले ती रागानं. पंगत बसली होती, भात वाढून होत होता आणि जो तो तोंड भरून सांगत होता, "सेवा करता करता गेली, सोनं झालं बाईचं." सोनं म्हणे! शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. तू सेवा करता करता गेली नाहीस. तू थंडीनं गेलीस, ओल्या लुगड्यात गेलीस आणि एकटी गेलीस. हे मी त्या पंगतीत ओरडून सांगायला पाहिजे होतं, पण सांगितलं नाही. कारण त्यातलं एकटी जाणं माझ्यामुळं झालं होतं, आणि ते तिथं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी पंच्याहत्तर साली, दिवाळी उलटल्यावर, सिहोऱ्याकडच्या ह्या उपकेंद्रात नर्स म्हणून आले. पवनीची पोर, बावीस वर्षांची, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पेटीत सगळ्यात वर. तू केंद्रातली परिचर. झाडलोट तुझी, पाणी तुझं, आणि माझ्यासोबत टोल्याटोल्यांवर, म्हणजे लांबच्या वस्त्यांवर, घरोघर फिरणं तुझं. कागदावर तुला 'अर्धवेळ स्त्री परिचर' म्हणत. तुझा अर्धा वेळ पहाटे सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला संपायचा. मी मात्र तेव्हा नाकानं कांदे सोलायची. झाडणाऱ्या बाईनं आपल्याला काय शिकवायचं, असं मला वाटायचं.

पहिलं भांडण आठ दिवसांतच झालं. एक बाळंतीण होती. तिच्या खाटेखाली लाल कोळशांची शेगडी, दार बंद, फटींमध्ये तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि पोत्यांचे तुकडे कोंबलेले. इकडची रीतच ती. मला पुस्तकातलं पाठ होतं, बाळाला ऊब द्यावी. मी तिच्या सासूचं तोंडभर कौतुक केलं आणि खिडकीची राहिलेली फट स्वतःच्या हातानं बुजवली. बाळंतीण म्हणाली डोकं दुखते, तर मी गोळी काढली. तेवढ्यात तू विहिरीवरून आलीस, दार लाथेनं उघडलंस, पदरानं शेगडी धरून थेट अंगणात नेऊन ठेवलीस.

"गोळी काय देऊन राह्यल्या, बाई? पोरगी मरून राह्यली इथं!"

मी म्हटलं, "धूर तर अजिबात नाही गिरजाबाई. कोळसे कसे छान लाल आहेत."

"धूर असता तं खोकलून उठली असती. बिनधुराचा इस्तो मानसाले झोपवते. मंग तो उठत नाही."

बाळंतीण बाहेर येऊन भडाभडा ओकली, तेव्हा कुठं तिच्या तोंडावर रंग आला. आणि मी काय केलं? सासूसमोर माझा अपमान झाला म्हणून दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुझी स्वतःची माय अशाच शेगडीपाशी निजली आणि सकाळी उठली नाही, हे तू मला चार वर्षांनी सांगितलंस, तेही भांडी घासता घासता, मान वर न करता. आधी सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी तुझे पाय धरले असते. पण तुला माहीत होतं, मी तेव्हा पाय धरणाऱ्यांतली नव्हते.

"इस्तो भायेर, मानूस अंदर." हा तुझा कायदा. लोक विचारायचे, मग ऊब कुठून आणायची? तू म्हणायचीस, "तुमच्या खळ्यावर पडली आहे ना." धानाचा चुरणा झाला, मळणी संपली की खळ्यावर तणशीचे ढीग लागायचे. मग तू घरोघर तणशीचा जोगवा मागायला निघायचीस. देवीचा जोगवा मागावा तसा, ओचा पसरून, हसत हसत. एकेक पेंढी मागायची, रिकामी पोती मागायची, पोत्यात तणीस ठासून त्याच्या गाद्या शिवायच्या आणि एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांच्या खाली टाकायच्या. पंधरा दिवसांनी आतली तणीस बदलायची, कारण भिजलेली तणीस म्हणजे अंगाखाली गार पाणीच. एका शेतकऱ्यानं तुला हटकलं होतं, "बैलायले घालू का म्हाताऱ्यायले?" तू तिथल्या तिथं म्हणालीस, "बैल ठेवतोस गोठ्यात, आन् मायले टाकली ओसरीत. तिचं तू सांग पह्यले." त्यानं गुमान तीन पेंढ्या दिल्या. ती माय त्याच दिवशी आत आली.

मला पहिल्या वर्षी लाज वाटायची. सरकारी केंद्राची बाई दारोदार तणीस मागते! दुसऱ्या वर्षी मीच ओचा खोचून तुझ्यासोबत निघाले. किती म्हाताऱ्यांनी त्या तणशीवर पडून होळी पाहिली गं! हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता कोणाला म्हणू?

दुसरा कायदा आपल्या दोघींसाठी होता आणि त्यावरून आपण अकरा हिवाळे भांडलो. ऊन निघाल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही. एकटीनं जायचं नाही. पिशवीत एक कोरडं लुगडं आणि फुटाणे-गूळ असल्याशिवाय नाला उतरायचा नाही. मला हे आळशी माणसाचे बहाणे वाटायचे.

"गिरजाबाई, ड्युटी आठची आहे."

"थंडीले तुमची ड्युटी मालूम नाही, बाई. धुऱ्यावरच्या गवतावर दव किती आहे पाहा. गुडघ्यावरी लुगडं ओलं होते. नदीवरून वारा सुटला आहे. आपनच पडलो तं म्हाताऱ्यायले कोन पाहील? तुमचा साहेब?"

साहेब म्हणजे तालुक्याला बसून उंटावरून शेळ्या हाकणारे. एका वर्षी त्यांनी थंडीसाठी गरम कोट पाठवले, कर्मचाऱ्यांकरता. कोट आला एक. मी विचारलं, परिचरचा कुठं आहे? उत्तर आलं, ती अर्धवेळ आहे, तिला बसत नाही. अर्धवेळ बाईला थंडी काय अर्धी वाजते? मी हे लिहून पाठवणार होते. तूच अडवलंस, "राहू द्या ना, कायले बोंब मारता?" मी तुला माझा कोट द्यायला गेले, तू घेतला नाहीस. म्हणालीस, त्यात मी हवालदारासारखी दिसेन. आपण दोघी हसलो, आणि कोट माझ्याच अंगावर राहिला. तेव्हा तुझं ऐकलं ही माझी चूक, गिरजाबाई. तेव्हाच बोंब मारायला पाहिजे होती. तूही चुकलीस. भलेपणा करायची ती जागा नव्हती.

आता त्या संध्याकाळचं लिहिते. संक्रांत होऊन गेली होती आणि अवकाळी आला. दोन दिवस पाऊस, वरून गारा, आणि त्यामागून अशी थंडी की माठातलं पाणी तोंडाला लावता येईना. बपेऱ्याकडच्या टोलीवर डोमा आजा होता. लकव्यानं एक अंग गेलेला, बायको-पोर कोणी नाही, शेजारच्या बाया भाकरतुकडा द्यायच्या. त्याला कुशीवर वळवणं, धुणं-पुसणं आपल्याकडे होतं. तू हातातला कंदील पुसत म्हणालीस, "आजाच्या छपराचे कवेलू फुटले असन. तणीस भिजली असन. उद्या ऊन निंगालं का दोघी जाऊ."

मी म्हटलं, "उद्या जमत नाही. नऊला साहेबांची जीप येते आहे. रजिस्टरं पडली आहेत."

"साहेब बसन थोडा वेळ."

"बसणार नाही, मेमो देईल. तुझं काय जाते? तू अर्धवेळ. मेमो मला."

हो, मी हे म्हटलं. अकरा वर्षं ज्या शब्दावरून मी तालुक्याच्या नावानं बोटं मोडली, तोच शब्द मी तुझ्या तोंडावर मारला.  मला तेव्हाच थांबता आलं असतं, पण मी आणखी पुढं गेले. "जायचंच असेल तर तू जा. पण आठच्या आत ये. केंद्र झाडलेलं पाहिजे."

तू म्हणालीस, "बरं."

एवढंच. माझ्या प्रत्येक गोष्टीला 'पन' लावणारी बाई तू. त्या दिवशी नुसतं 'बरं' म्हणून गेलीस. भांडण अर्धंच राहिलं.

आठच्या आत यायचं म्हणजे ऊन निघायच्या आधी निघावं लागणार, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. दीड कोस जाणं, दीड कोस येणं, मधात नाला. पुढचं मला टोलीवरच्या बायांनी सांगितलं. नाल्याला पावसाचं पाणी होतं, तू कमरेवरी भिजून पोचलीस. आजा ओल्या तणशीत पडून होता, ओठ काळे पडलेले. तू शेजारून कोरडी तणीस आणलीस, त्याला पुसलंस, आणि पिशवीतलं तुझं कोरडं लुगडं त्याला गुंडाळलंस. बाया म्हणाल्या, बाई, घडीभर बस, आंग सुकव. तू म्हणालीस, "नाही वो, आठच्या आत केंद्र झाडाले जायचं आहे." आणि त्याच ओल्या लुगड्यात परत नाला उतरलीस.

तू आलीस तेव्हा मी रजिस्टरात डोकं घालून बसले होते. माझ्या अंगावर कोट होता. तू झाडत होतीस आणि झाडणी उंबऱ्यावर टकटक आपटत होती, इतकी तू कापत होतीस. मी मान वर न करता म्हटलं, "चहा मांडून घे." तू म्हणालीस, "साहेब येऊ द्या." थोड्या वेळानं टकटक थांबली. मी एका डोळ्यानं पाहिलं. तू भिंतीला टेकून बसली होतीस, कापत नव्हतीस. आणि मी मनात म्हटलं, चला, बरं झालं, गरम झाली बाई.

"मानूस कापते तवर भेव नाही. कापनं थांबलं का धावा." हे तूच मला शिकवलंस. हे मी टोल्याटोल्यांवर बायांना उभं करून सांगत आले. आणि माझ्या डोळ्यांदेखत तुझं कापणं थांबलं, तर मी पुढचं पान उलटलं.

तू मला विचारलंस, "बाई, कोनाचं पोरगं रडून राह्यलं?" कोणाचंच पोरगं रडत नव्हतं. तेव्हा मी धावले. लुगडं सोडलं, कोट घातला, तणशीच्या गादीवर घेतलं, गुळाचं ऊन पाणी चमच्यानं पाजलं. बंडी जुंपून तुला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जीप असती तर लवकर पोचलो असतो. पण जीप आलीच नाही. ज्या जीपपायी मी तुला आठचा वायदा घातला, ती त्या दिवशी आलीच नाही, गिरजाबाई!

चार दिवस निमोनियाशी झगडलीस. मधे एकदा डोळे उघडून म्हणालीस, "आजाची तणीस बदलली म्या. लुगडं देल्लं त्याले." आणखी काही सांगणार होतीस. मी म्हटलं, बोलू नको, दम लागते. मलाही सांगायचं होतं की मी चुकले, म्हटलं बरी झाल्यावर सांगू. तू काय सांगणार होतीस, ते गेलं ते गेलंच.

मग कागद आला. परिचरच्या मृत्यूचा अहवाल नर्सनं द्यायचा. मी लिहिलं, 'ड्युटीवर असताना, सूर्योदयापूर्वी, एकटी, सोबत व गरम कपडा न मिळाल्यामुळे.' आणि त्याखाली लिहिलं, 'एकटीला पाठवणारी, मी.' पाठवून दिलं.

ते वाचून आज सकाळी साहेब स्वतः आले. आता बरी जीप आली! खुर्चीवर बसले, कागद टेबलावर ठेवला.

"बाई, असं लिहितात का? आजारपणानं निधन, एवढं पुरे. तुमचीही नोकरी आहे ना."

"नाही लिहिणार."

"वर गेलं तर बदली होईल. कुठंतरी जंगलात टाकतील."

"साहेब, आमच्या मुलखाचं नावच झाडी आहे. अजून कोणत्या जंगलात टाकता?"

 मी पिशवी भरली. तुझ्या आजारपणात आणि नंतरही टोलीवरच्या बायाच आजाला पाहत होत्या. मी गेलेच नव्हते. त्याला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तो रोज तुझं नाव घेतो आणि त्याला सांगायला कोणी धजत नाही, असा निरोप कालच आला होता. मी म्हटलं, "साहेब, मला टोलीवर जायचं आहे. एकटी जाणार नाही. परिचरची जागा रिकामी आहे. दुसरं माणूस मंजूर होईस्तोवर दुसरं माणूस तुम्ही. चला."

"मी?"

"नाहीतर ड्रायव्हरला नेते. केंद्र तेवढं तुम्ही झाडा."

आले बापा! ऊन चांगलं वर आलं होतं. जीप धानाच्या बांध्यांपर्यंत गेली, तिथून आम्ही शेतांमधल्या धुऱ्यानं पायी. साहेबांनी बूट हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत चढवली. नाल्याचं पाणी आता गुडघाभरच उरलं होतं, पण शेवाळावर त्यांचा पाय सरकला आणि ते छातीपर्यंत भिजून उठले. उन्हात चालूनही त्यांचे दात वाजत होते. टोलीवर पोचल्यावर मी त्यांना एका घरी नेऊन अंग पुसायला लावलं, कोरडं धोतर मागून दिलं, आणि मगच आजाकडे नेलं. तुझा कायदा सगळ्यांना सारखा.

आजा तुझ्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून पडला होता. मला पाहून त्याचा चांगला हात हलला. "गिरजा काहून नाही आली वो? लय दिस झाले. बिमार आहे मनते ह्या बाया."

साहेब हळूच म्हणाले, "हो बाबा, येतील, बऱ्या होतील."

मी म्हटलं, "खोटं नका बोलू, साहेब. आजा, गिरजा मेली. त्या दिवशी तुह्यी तणीस बदलायले आली, आन् ओल्या लुगड्यानं परत गेली. त्याच्यानं निमोनिया झाला."

 म्हातारा त्या एका हातानं लुगड्याची गुंडाळी सोडायला लागला. "माह्यापायी मेली. मले मरू देल्लं असतं तं चाललं असतं."

"तुह्यापायी नाही. माह्यापायी. म्या पाठवलं तिले एकटीले. तुले मरायचा काही हक्क नाही, समजलं? गप पडून राहा." मी इतक्या जोरानं ओरडले की दारातल्या बाया मागं सरल्या. लुगडं मी पुन्हा घट्ट गुंडाळलं. साहेबांना म्हटलं, खांदा धरा. त्यांनी धरला. आम्ही दोघांनी त्याला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, तणीस बदलली. आजा रडत होता आणि मी त्याला रागवत होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

परत येताना साहेब कागदाबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. ते त्याचं काय करतील ते करोत, मी त्यातला एक शब्द मागं घेणार नाही. नाल्याशी आलो. त्यांना थंडी वाजत होती, घाई होती, उसनं धोतर सावरता येत नव्हतं. ते वैतागून म्हणाले, "उतरा हो बाई लवकर. मी आहे मागं."

मी मटकन काठावर बसले आणि गळा काढून रडले. तुझ्या मयतीत रडले नव्हते तेवढी रडले. साहेबांना वाटलं, पायात काटा गेला. ते वाकून माझे तळवे पाहायला लागले.

मी आहे मागं. एवढंच बोलायचं होतं, गिरजाबाई, त्या संध्याकाळी मला.